पुढचा डावा

खोक्यातले कागदाचे बोळे बाजूला सारून तिनं ती वस्तू वर काढली तेव्हा तिला आधी वाटलं, चांदीची टोपी घातलेलं एखादं छोटं काळं मडकं असेल. सकाळपासून एकोणीस वस्तू हातांखालून गेल्या होत्या. कुणा मोठ्या घरचा म्हातारा गेला होता, मुलांनी महिन्याभरात घर रिकामं करायला काढलं होतं, आणि त्याच्या आयुष्यभराच्या हौशी आता लिलावघराच्या तळमजल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात रांगेनं मांडल्या होत्या: दुर्बिणी, चषक, हस्तिदंती मुठीच्या काठ्या, कसलेसे बिल्ले. पंधरा वर्षं ती हेच करत आली होती. मेलेल्यांच्या वस्तू उलटसुलट करून पाहायच्या आणि प्रत्येकीची दोन टिपणं लिहायची. एक छापील सूचीसाठी, जरा नटवलेलं. दुसरं स्थितीचं टिपण, ते मात्र कोरडं: कुठे टवका, कुठे तडा, कुठे डाग, कुठे मागाहून केलेली दुरुस्ती. घेणाऱ्याला पुढे बोलायला जागा राहू नये म्हणून जे दिसेल ते सगळं लिहायचं, हा तिथला नियम. तो तिच्या इतका अंगवळणी पडला होता की बाप गेला त्या दिवशी उशाशी बसल्याबसल्या त्याच्या डाव्या भुवईवरचा जुना व्रण, कानाच्या पाळीवरचा काळा ठिपका, उजव्या अंगठ्याचं चिरलेलं नख तिच्या मनानं आपोआप टिपून घेतलं होतं. नंतर तिला स्वतःची लाज वाटली होती. त्याला सात आठवडे झाले होते.

विसावी वस्तू तळहातावर आली आणि आधी हाताला कळलं, डोळ्यांना मागाहून. तो खूर होता. खरा, घोड्याचा, आतून कोरून पोकळ केलेला. वर बिजागरीचं चांदीचं झाकण, आत शाईसाठी काचेचा पेला, तळाला मूळचाच नाल चांदीचं पाणी देऊन पुन्हा बसवलेला. जुन्या शिंगाचा, थोडा केस जळल्यासारखा वास तिच्या नाकात शिरला. हा वास तिनं बारा-तेरा वर्षं रोज संध्याकाळी दारातून आत येताना ओळखला होता, बापाच्या आधी बापाचा वास यायचा. पण तो वास कष्टाचा होता. हा, पॉलिशखालून येणारा, वेगळाच होता. फोटो काढणारा पोरगेलासा नव्हता, चांगला पन्नाशीचा होता, पण तोंडाला फाटक नव्हतं. तो कॅमेरा घेऊन शेजारी आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हे काय, आइस्क्रीमचा पेला?’’

‘‘दौत आहे. घोड्याच्या खुराची.’’

‘‘खऱ्या?’’

‘‘खऱ्या.’’

‘‘म्हणजे घोडा मेला आणि साहेब त्याच्या पायात टाक बुचकळून पत्रं लिहीत बसले. आमच्या आजोबांची कवळी पडली आहे घरी. तिचं काही करता येईल का, बघा ना. चमचे ठेवायला वगैरे.’’

ती हसली नाही. तिनं भिंग घेतलं आणि झाकणावरची बारीक अक्षरं वाचली. वर घोडीचं शर्यतीच्या कागदांवरचं नाव, चार शब्दांचं. खाली अकरा ओळी, प्रत्येकीत शर्यत, अंतर आणि किती लांब्यांनी, म्हणजे किती घोड्यांच्या लांबीनं जिंकली ते. सगळ्यात खाली ‘पुढचा डावा’ आणि एक तारीख. ती तारीख तिला पाठ होती. तो रविवार होता, आणि ती चौदा वर्षांची होती.

ते चार शब्दांचं नाव पागेत कुणाच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पागेत ती ‘धाकटी’ होती, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या बापानं. बाप त्या पागेचा नालबंद. शिंगरू दोन वर्षांचं होऊन आलं तेव्हा पहिला नाल त्यानं ठोकला, आणि त्याच दिवशी मानेवर थाप मारून तो सगळ्यांना सांगायला लागला, ‘‘थोरली घरी आहे. ही आमची धाकटी.’’ थोरलीला, म्हणजे तिलाच, हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस तोंड फुगवलं होतं. मग तीही धाकटीच्या नादी लागली, कारण घरात दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. जेवताना बाप ताटाच्या कडेला शर्यत मांडायचा. मिठाची वाटी म्हणजे धाकटी, चमचे म्हणजे बाकीच्या घोड्या. ‘‘सुटताना मागे राहिली बरं का. मुद्दाम. हिला पुढच्यांची ढुंगणं बघायला आवडतात. आणि मग वळणावर...’’ म्हणत तो वाटी सगळ्या चमच्यांपुढे सरकवायचा, आणि आई म्हणायची, ‘‘मीठ सांडा आता.’’ झाकणावरच्या पहिल्या ओळीत सहा लांब्या लिहिल्या होत्या. तीच ती मिठाची वाटी. तिसऱ्या ओळीच्या दिवशी थोरली तापानं फणफणली होती, आणि बापानं कपाळाला हात लावण्याआधी सांगितलं होतं, ‘‘चार लांब्यांनी.’’ पाचवी ओळ फिलींची, म्हणजे तरुण घोड्यांतल्या फक्त माद्यांची मोठी शर्यत. सातवी डर्बी, तिथे तिनं नरांनाही मागे टाकलं, आणि बाप त्या दिवशी इतका रडला की शेजारचे कोण गेलं म्हणून विचारायला आले. नववी चिखलातली. अकरावी तर पाठीवर सगळ्यांत जास्त वजन घेऊन, आणि जिंकली ती फक्त नाकाच्या शेंड्यानं. भिंगाखाली एकेक ओळ सरकत होती आणि तिला वाटत होतं, आपलं लहानपण कुणीतरी चांदीवर कोरून त्या पायाच्या भांड्याला झाकण म्हणून बसवलं आहे. बारावी ओळ नव्हती. बाराव्या धावेची नुसती तारीख होती.

सुटीच्या दिवशी बाप तिला पागेत न्यायचा. उलट्या बादलीवर बसून ती बघायची. रोजचे नाल लोखंडी, जड. शर्यतीच्या दिवशी सकाळी ते काढून ॲल्युमिनियमचे हलके ठोकायचे, आणि शर्यत झाली की पुन्हा लोखंडी. त्यामुळे धाकटीच्या खुरात खिळे सारखे जात-येत असायचे, आणि खुराचं नख तर आधीच पातळ, आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे, तर कागदासारखं. बाप पाय दोन गुडघ्यांत धरून तिला दाखवायचा. तळाला कडेनं एक दोऱ्याएवढी पांढरी रेघ. रेघेच्या बाहेर मेलेलं नख, रेघेच्या आत जिवंत मांस. खिळा बाहेरूनच गेला पाहिजे. आत वळला तर हातोड्याचा आवाज बदलतो, टणटण जाऊन बद येतो. मग तो उपसायचा आणि हाताच्या पाठीवर ओढून बघायचा. कोरडी रेघ उठली तर नशीब. ओली उठली तर त्या दिवशी तो घोडा धावत नाही, आणि नालबंदानं टोपी हातात घेऊन ट्रेनरपुढे जाऊन सांगायचं की माझा खिळा जिवाला लागला. ‘‘त्याच्यासारखी नाचक्की नाही,’’ बाप म्हणायचा. ‘‘माझ्यावर एकदाही आली नाही. आणि यायची नाही.’’ आठच्या जागी तो सहाच खिळे मारायचा, बाहेरून तीन, आतून तीन. बाकीचे नालबंद त्याला कंजूष म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, जितके कमी तितकी तिला कमी भोकं.

बाराव्या धावेला ती आईबरोबर कठड्याशी उभी होती. लांबच्या वळणावर घोड्यांचा पुंजका आला आणि त्यातली एक उंची एकदम खाली बसली, जिन्याची पायरी चुकावी तशी. वाळकी फांदी मोडावी असा आवाज आला. निदान तिला वर्षानुवर्षं तसं वाटत राहिलं. खरं तर इतक्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. धाकटी तीन पायांवर उभी राहिली आणि तो चौथा, लोंबणारा, पुन:पुन्हा टेकायला बघत होती, जणू जरा नीट ठेवला की जमेल. मग दोन माणसांनी हिरव्या कापडाचा आडोसा धरला आणि आडोशामागून एकच बार आला. ट्रेनर धावला, मालक धावला, पागेतले झाडून सगळे त्या बाजूला धावले. तिनं बापाला शोधलं. तो एकटा उलट्या दिशेनं, पागेकडे पळत होता. ‘‘बघवेना बिचाऱ्याला,’’ आई म्हणाली होती, आणि आईच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल असं काही आलं होतं की चौदा वर्षांच्या मुलीनं ते कायमचं जपून ठेवलं.

दोष जॉकीवर आला. जॉकी चाळीस-पंचेचाळीसचा, इतका हलका की सगळे त्याला पावशेर म्हणत, तिचा पावशेरकाका. बाराही शर्यतींत धाकटीच्या पाठीवर तोच होता. रेसकोर्सच्या पंचांपुढे तो एकच धोशा लावून बसला, ‘‘साहेब, ती पुढच्या डाव्यावर भार देत नव्हती. सगळा बोजा उजव्यावर टाकत होती, म्हणून उजवा गेला.’’ डावा पाय अखंड होता. सगळ्यांनी बघितला, डॉक्टरनं बघितला, कुठे ओरखडा नव्हता. पंचांनी नालबंदाला बोलावलं. नाल कसे होते? ‘‘नीट होते, साहेब.’’ बापाची साक्ष तीन शब्दांची. वळणावर घोडीला कठड्याच्या अंगावर रेटल्याचा ठपका ठेवून पावशेरचं लायसन जन्माचं काढून घेतलं. आठवड्यानं तो घरी आला. बाप मोरीत होता. नळ सोडल्याचा आवाज येत होता. आई बाहेर गेली होती. तिनं दार उघडलं, आणि उंबऱ्यापलीकडचा तो बुटका माणूस, हातात टोपी धरलेला, बघून तिला अशी शिसारी आली की ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे खाटकांना आत घेत नाहीत.’’ दार लोटलं तेव्हा चौकटीवर त्याची बोटं होती. ती त्यानं वेळेवर काढून घेतली. बाप पंच्यानं हात पुसत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काही बोलला नाही, आणि तिनं ते शाबासकी म्हणून घेतलं.

महिन्याभरात त्यानं नालबंदी सोडली. पुढली तेवीस वर्षं त्यानं खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवली, आणि कुणी घोड्यांचं विचारलं की म्हणायचा, ‘‘ते संपलं.’’ घरात हे धाकटीवरचं प्रेम म्हणून सांगितलं जाई. तिनंही सांगितलं होतं, कॉलेजात, नंतर ऑफिसात, नंतर त्या माणसाला ज्याच्याशी ती चार वर्षं लग्न करून राहिली होती. एक माणूस एका घोडीसाठी आपली विद्या सोडून देतो, या गोष्टीवर तिनं आपल्या मनाचं अर्धं घर बांधलं होतं. मोठमोठी पुस्तकं वाचताना त्यांतल्या थोर माणसांच्या मागे तिला नेहमी ताटाच्या कडेला मिठाची वाटी सरकवणारा बाप दिसायचा. पावशेरला तिनं नंतर दोनदा पाहिलं. लिलावघरापासून दोन गल्ल्यांवर नऊ मजल्यांची ऑफिसांची इमारत होती, तिथे तो लिफ्ट चालवायचा. पहिल्यांदा ती लिफ्टच्या दारातून मागे फिरली आणि आठ मजले जिन्यानं चढली. दुसऱ्यांदा सात आठवड्यांपूर्वी, बापाला नेताना तो फाटकाबाहेर उभा होता. आई म्हणाली, ‘‘आता कशाला आलाय मेला?’’

तिनं खूर उताणा केला आणि कामाला लागली. झाकणाची बिजागरी सैल. काचेच्या पेल्याला एक टवका. चांदीचं पाणी टाचेकडे उडालेलं. मग खिळे. नालात सहा. खुराच्या अंगावर, जिथे खिळ्यांची टोकं बाहेर येऊन वळवलेली असतात, तिथे तिनं बोटानं मोजलं: बाहेरून तीन, आतून तीन. तिला बरं वाटलं, सहाच. बापाचं काम, तेवीस वर्षांनी तिच्या हातात. तिनं खूर दिव्याखाली तिरपा धरला, केवळ त्या सहा ठिपक्यांची सरळ रांग बघायला. तेव्हा आतल्या बाजूला, रांगेच्या बोटभर वर, एक सातवा ठिपका दिसला. शिंगासारखाच काळा, शिंगासारखाच गुळगुळीत, पण त्याच्यावर उजेड वेगळा पडत होता. तिनं नख लावलं. नखाला मेण लागलं.

मग तिनं पेला बाहेर काढला. त्याच्याखाली खुराच्या पोकळीत राख होती. म्हाताऱ्याच्या मुलांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, पेला काढून आत सिगारेटी विझवल्या होत्या. एक थोटूक अजून चिकटलेलं होतं, लिपस्टिकचा डाग असलेलं. तिनं ते चिमट्यानं उचललं. ब्रशनं राख झाडली. राख तिच्या ओठांवर उडाली आणि ती क्षणभर तशीच थांबली, कारण ओठ पुसायला जीभ बाहेर येणार होती. बॅटरी लावून तिनं आत बघितलं. आतून खुराला बारीक उभ्या घड्या असतात, मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या. नीट मारलेला खिळा तिथे कधी दिसत नाही. तो नखातल्या नखातून निघून जातो. सहांपैकी एकही दिसत नव्हता. पण आतल्या बाजूच्या घड्यांत एक चपटं भोक होतं. त्याच्याभोवती पावलीएवढा तपकिरी डाग होता, आणि तो राखेचा नव्हता. ब्रशनं गेला नाही.

ती उठून बेसिनशी गेली. काही उलटून आलं नाही, नुसतं तोंडाला पाणी सुटत राहिलं. तिला वाटायचं, किळस ही समोरच्या वस्तूची असते. वस्तू दूर केली की ती संपते. मेलेल्या जनावराच्या पायात शाई ठेवणाऱ्या माणसांची किळस तिला मघापासून येत होती आणि त्यात एक सुख होतं, आपण त्यांच्यातले नाही याचं. ते सुख आता कुठे ठेवावं तिला कळेना. खिळा आत गेला, एवढंच असतं तर चालण्यासारखं होतं. हात कुणाचा चुकत नाही? पण मेण आहे. म्हणजे त्याला आवाज कळला. त्यानं उपसला, हाताच्या पाठीवर ओढला, ओली रेघ बघितली. मग शेजारच्या भोकातून दुसरा मारला, आणि पहिल्याच्या जागी मेणात काजळी कालवून भरली, घासली, कापडानं चमकवली, शांतपणे, घाई न करता, कारण घाई केली असती तर तेवीस वर्षं टिकलं नसतं. काम चोख होतं. ते इतकं चोख होतं याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली. आणि मग तो उपसलेला खिळा. सगळे घोडीकडे धावत असताना बाप पागेकडे धावला होता. रडायला नव्हे. खिळा तिथे जमिनीवर पडलेला होता, तो उचलायला.

सगळ्यांनी मोडलेला पाय कसून तपासला, धड पाय नुसता वरून बघितला. तोच कुणीतरी शोभेला घरी नेला.

साहेबांनी तिला चार वाजता वर बोलावलं. साहेब म्हणजे लिलावघराचे मालक. जाडा, प्रेमळ, कशालाही नाही न म्हणणारा माणूस. ‘‘तो खूर बघितलास ना? अगं, रेस क्लबच त्याच्यावर बोली लावणार आहे. त्यांच्या नव्या हॉलमधे ठेवायचाय. सेक्रेटरीचा दोनदा फोन आला. टिपण आधी त्यांच्या कमिटीपुढे जाईल. तेव्हा जरा नटवून लिही. अकरा धावा, अकरा विजय, अपराजित.’’

‘‘बारा होत्या.’’

‘‘झाकणावर किती?’’

‘‘अकरा.’’

‘‘मग आपण झाकणापेक्षा शहाणं कशाला व्हायचं? सहाला छपाईला जायचंय सगळं.’’

‘‘आणि स्थितीचं टिपण?’’

‘‘ते तुझ्यावर. तुझ्या टिपणाला मी कधी हात लावलाय?’’ ते खरं होतं. तिच्या टिपणाखाली तिची सही असे आणि ती सही बाजारात चालत असे.

म्हणजे तो कागद त्याच क्लबात जाणार होता ज्यानं पावशेरला हाकललं होतं. त्यावर दोन ओळी लिहिल्या तर त्याचं बोलणं तेवीस वर्षांनी खरं ठरणार होतं. नाही लिहिल्या तर मेण मेणाच्या जागी राहणार होतं, काचेच्या कपाटात, वर छोटा दिवा. तिनं आईला फोन लावला, काय बोलायचं हे ठरवायच्या आधीच.

‘‘बरं झालं केलास,’’ आई म्हणाली. ‘‘आज यांच्या हातोड्याला तेल लावलं. गंजायला नको गं. त्या गिरणीवाल्याचा मुलगा मागायला आला होता, म्हटलं, विकायची वस्तू नाही ती.’’

‘‘आई, धाकटी गेली त्या दिवशी बाबा पागेत का पळाले होते?’’

‘‘का म्हणजे? रडायला. पुरुषमाणूस चारचौघांत कसा रडेल? सोन्यासारखा माणूस, आणि त्या मेल्या पावशेरच्या पायी... तू जेवलीस का?’’

‘‘जेवले,’’ ती म्हणाली, आणि खोटं किती सोपं असतं, तीन अक्षरांचं, हे तिला ऐकू आलं.

पाचला ती नऊ मजली इमारतीत शिरली. लिफ्टमधे कोपऱ्यात एका उंच स्टुलावर तो बसला होता, गुडघे जवळ घेऊन, पाय दांडीवर टेकवून, अजूनही कशावर तरी स्वार असल्यासारखा. त्यानं वर न बघता विचारलं, ‘‘कितवा?’’

‘‘काका.’’

त्यानं बघितलं. ‘‘थोरली!’’ तो म्हणाला, आणि घाईनं स्टुलावरून उतरायला लागला, जणू तिला बसायला द्यायचं होतं. ‘‘किती वाळलीस गं. त्या दिवशी लांबून बघितलं फक्त.’’

‘‘मला बोलायचंय तुमच्याशी.’’

‘‘बोल की. मधेमधे माणसं येतील, तेवढं सोस.’’

तिनं सांगितलं. तिसऱ्यावर दोघं चढले, ती गप्प झाली. पाचव्यावर उतरले, ती पुन्हा बोलली. खूर, सातवा ठिपका, मेण, आतलं भोक. तो बटणं दाबत ऐकत होता. मेणाशी आली तेव्हा त्याला हसू फुटलं. ‘‘मेणानं बुजवलंन? आणि मला पाय हातात घेऊनसुद्धा दिसलं नाही. तुझ्या बापाचा हात म्हणजे हात होता, हां.’’

‘‘हसू नका,’’ ती म्हणाली. ‘‘मी कागदावर लिहिणार आहे. क्लबाला कळेल तुम्ही खरं बोलत होता.’’

‘‘खरं?’’ त्यानं लिफ्ट आठव्यावर थांबवली आणि दार उघडलं नाही. ‘‘पंचांना मी काय सांगितलं? धावताना जाणवलं. धावताना नाही गं. पॅडॉकमधून सुरुवातीच्या खांबापर्यंत चालवत नेली ना, तेव्हाच कळलं होतं. घोडी खोगिराखालून बोलते. डावा टेकताना श्वास धरत होती. खांबापाशी डॉक्टर उभाच असतो. नुसता हात वर करायचा, घोडी शर्यतीतून काढून घेतात.’’

‘‘मग?’’

‘‘नाही केला.’’

‘‘का?’’

‘‘बारावी होती.’’ त्यानं दार उघडलं. फायली घेतलेली एक बाई आत आली. ‘‘दुसरा,’’ ती म्हणाली. बाई सहा मजले तिच्या चपलांकडे बघत होती. दुसऱ्यावर ती उतरली.

‘‘खिळ्याचं मला आज कळतंय,’’ तो म्हणाला. ‘‘पण काहीतरी तुझ्या बापाकडूनही राहिलंय, हे मी त्याच्या साक्षीवरून ओळखलं. एरवी नालांबद्दल विचारलं की तास तास बोलणारा माणूस. तीन शब्दांत उठला. म्हणून तर आलो होतो तुमच्याकडे. म्हटलं, दोघं मिळून जाऊ पंचांकडे. एकट्यानं जायची माझीही छाती नव्हती, त्याचीही नसणार. दोघं गेलो असतो तर कदाचित...’’ त्यानं वाक्य सोडून दिलं. ‘‘तू दार उघडलंस.’’

तिला लिफ्टच्या पत्र्यावर आपला चेहरा दिसत होता, लांबट, वितळल्यासारखा. ‘‘मी खाटीक म्हणाले होते तुम्हाला.’’

‘‘खोटं कुठे म्हणालीस? अर्धं म्हणालीस एवढंच.’’

‘‘बाबा नंतर कधी आले तुमच्याकडे?’’

‘‘नाही. मी बघितली वाट. काही वर्षं.’’ तो साधेपणानं म्हणाला. ‘‘आता लिहूबिहू नकोस. तुझी आई आहे. मी सत्तरीला टेकलो. आणि लिफ्ट चालवायला लायसन लागत नाही.’’

त्याचा चांगुलपणा तिला सहन झाला नाही. तो तिला मेणासारखाच वाटला, गुळगुळीत, भोकाच्या मापाचा. या माणसांनी एकमेकांना किती सांभाळून घेतलं होतं. बापानं स्वतःला, यानं बापाला, आईनं दोघांच्या मधे बसून एकाला देव केलं, एकाला मेला म्हटलं. आणि तिनं दार लावून त्या सगळ्याला कडी घातली. फक्त धाकटीला कुणी सांभाळलं नाही. ती श्वास धरून टेकत राहिली आणि अकराशे मीटर धावली, कारण पाठीवरचा माणूस तिचा होता आणि पायाखालचा हातही तिचा होता. ‘‘तळमजला,’’ तो म्हणाला. तिनं त्याला वाकून नमस्कार केला नाही, माफीही मागितली नाही. ‘‘मी लिहिणार आहे, काका,’’ एवढं म्हणाली. तो बटणांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मग माझंही लिही.’’

पावणेसहाला ती टेबलाशी बसली. सूचीसाठी तिनं लिहिलं: बारा धावा, अकरा विजय, बाराव्या धावेत पुढचा उजवा पाय मोडल्यानं गोळी घालण्यात आली. मग स्थितीचं टिपण घेतलं. बिजागरी सैल. पेल्याला टवका. पोकळीत राख, स्वच्छ केली. आतल्या बाजूला सातवं भोक, मेण व काजळीनं बुजवलेलं, दुरुस्ती घोडी जिवंत असतानाची व अत्यंत कुशल. त्याच भोकाचं दुसरं तोंड खुराच्या आतून स्पष्ट दिसतं. भोवती रक्ताचा डाग. खिळा जिवाला लागलेला होता. घोडी बाराव्या धावेत या पायानं दुखत धावली, ही जॉकीची त्या वेळची साक्ष यावरून खरी ठरते. इथे ती थांबली. काकाचं काय लिहायचं? हात वर केला नाही, ही गोष्ट खुरावर कुठेच उमटलेली नव्हती, आणि टिपणात जे दिसतं तेवढंच लिहायचं असतं. तिनं भिंग पुन्हा उचललं, जणू शोधलं तर सापडेल. मग खाली ठेवलं आणि नियम मोडून एक ओळ लिहिली: जॉकी स्वतः आता सांगतो की हे त्याला धाव सुटण्याआधी कळलं होतं.

एक रकाना उरला होता, कारागिराचा. चांदीकाम कुणाचं ते ठाऊक नव्हतं. तिथे तिनं ‘अज्ञात’ लिहिलं. त्याखाली ‘नाल व दुरुस्ती’ असं लिहून बापाचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पुढे ‘नालबंद’. तेवीस वर्षं त्याला कुणी तसं म्हटलं नव्हतं. सही करताना एरवी ती दोन आद्याक्षरांवर भागवायची. आज तिनं स्वतःचं नाव लिहिलं, मग मधे त्याचं, मग आडनाव. तेच नाव कागदावर दोनदा आलं, एकाखाली एक. वाचणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून तिनं पर्स घेतली. छापून यायला तीन दिवस लागणार होते. आईला त्याआधी सांगायचं होतं, आणि फोनवर नाही.